घरपट्टी वाढली, पण दर वाढला की मूल्य?

घरपट्टीचं बिल फुगलं की पहिली प्रतिक्रिया ठरलेली: "दर वाढवलेला दिसतोय." पुष्कळदा दर जागच्या जागीच असतो आणि वाढलेलं असतं ते करपात्र मूल्य. बिल निघतं दोहोंच्या गुणाकारातून, त्यामुळे नुसता दर बघून कुठला कर स्वस्त आणि कुठला महाग हे ठरवता येत नाही. 50 लाख मूल्यावर 0.8 टक्के दराने 40,000 भरावे लागतात. 30 लाखांवर 1.2 टक्के लावले तरी 36,000च.

दर स्थानिक संस्था ठरवते आणि एका प्रकारच्या सगळ्या मालमत्तांना तो सहसा सारखाच लागतो. मूल्य मात्र घराघराचं वेगळं, आणि ते आजच्या बाजारभावाला धरून असेलच असं नाही. इंग्लंडमध्ये कौन्सिल टॅक्ससाठी, म्हणजे तिथल्या घरपट्टीसाठी, किमतीनुसार पाडलेले घरांचे गट अजून 1 एप्रिल 1991 च्या किमतींवरच चालतात. कॅलिफोर्नियात 1978 च्या 'प्रपोझिशन 13' या कायद्यानुसार मूळ दर 1 टक्का. घर विकलं जाईपर्यंत मूल्य वर्षाला फार तर 2 टक्के वाढवता येतं, विकलं की नव्याने आकारणी. म्हणजे शेजारशेजारची दोन सारखी घरं, दरही तोच, पण नुकतं घर घेतलेल्याचं बिल जुन्या मालकाच्या कितीतरी पट. हा न्याय मला तरी पटत नाही.

आणखी एक गंमत. काही ठिकाणी आधी किती पैसे गोळा करायचे ते ठरतं आणि त्याला सगळ्या घरांच्या एकूण मूल्याने भागून दर काढतात. तिथे गोळा करायची रक्कम तीच राहिली आणि सगळ्यांचंच मूल्य 20 टक्क्यांनी चढलं, तर दर उतरतो आणि बिल होतं तेवढंच राहतं. तुमचं एकट्याचं 35 टक्क्यांनी चढलं असेल, तर मात्र खिशाला चाट.

दाद मागायची जागाही वेगळी. दराविरुद्ध एकट्याचा अर्ज सहसा चालत नाही. तो प्रश्न नगरसेवकांकडे, अंदाजपत्रकाच्या वेळी न्यायचा. मूल्यावर मात्र मालकाला स्वतः हरकत घेता येते, पण मुदतीत. त्याआधी आकारणीचा उतारा काढून क्षेत्रफळ, बांधकामाचं वर्ष आणि वापर तपासा. राहत्या घरापुढे "व्यापारी" अशी नोंद पडली असेल, तर दरही चढा लागतो.