देमारपट

देमारपट (स्टंटपट) : मूकपटांच्या काळात रुजलेला आणि बोलपटांच्या पहिल्या दोन दशकांत भरभराटीला आलेला चित्रपटप्रकार. जुलमी कारभारी किंवा गुन्हेगारांची टोळी, त्यांच्याविरुद्ध बंड करून उठलेला तरुण, पुष्कळदा तरुणीसुद्धा. घोडदौड, पट्टा-तलवार आणि हाणामारी. मूकपटांतला या प्रकाराचा मोठा नट म्हणजे मास्टर विठ्ठल. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेला हा गडी पुढे पहिल्या बोलपटाचा, ‘आलम आरा’चा (1931) नायक झाला. वाडिया मूव्हीटोन या चित्रसंस्थेच्या ‘हंटरवाली’ने (1935) नटी नाडियाच्या हाती चाबूक दिला. ‘मिस फ्रंटियर मेल’मध्ये (1936) राजवाडा जाऊन रेल्वे आली, आगगाडीच्या टपावर मारामारी झाली आणि ‘सिग्नल एक्स’ नावाचा मुखवटाधारी गुन्हेगार आला.

समीक्षकांनी हा प्रकार पिटातल्या, म्हणजे पडद्यापुढच्या स्वस्त जागांवरच्या, प्रेक्षकांचा म्हणून हिणवला. गिरणी कामगारांच्या सोलापूरकडे पाहिले तर हा शेरा किती उथळ होता ते कळते. 1877 साली इथे पहिली कापड गिरणी, म्हणजे लोकांच्या तोंडची ‘जुनी गिरणी’, उभी राहिली. मागून नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू या गिरण्या आल्या. साच्यांवर मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी माणसे शेजारी-शेजारी उभी असत. संवादांवर चालणारे चित्र अशा गावात सर्वांपर्यंत सारखे पोहोचणे अवघड. ठोसा मात्र चारही भाषांत एकच.

हा प्रकार इथे रुचण्याचे दुसरे कारण अधिक खोल आहे. स्वातंत्र्यलढ्यात मे 1930 मध्ये सोलापुरात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, पुकारला गेला आणि 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा व कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिली गेली. ‘आलम आरा’ त्यानंतर दोनच महिन्यांनी आला. इंग्रज सरकारविरुद्धचे बंड सेन्सॉर पडद्यावर येऊ देत नव्हता. काल्पनिक संस्थानातल्या दुष्ट मंत्र्याविरुद्धचे बंड मात्र चाले. हे बंड कोणाविरुद्धचे, ते सोलापूरकराला समजावून सांगावे लागले नसेल.

पुढे भगवान पालव यांनी, म्हणजे मास्टर भगवान यांनी, हा प्रकार अगदी कमी खर्चात चालवला. ते स्वतः गिरणी कामगाराचे पुत्र. 1938 पासून दहा-अकरा वर्षे त्यांनी कामगार प्रेक्षकासाठीच देमारपट काढले.

यांतल्या बहुतेक चित्रपटांच्या प्रती आज उरलेल्या नाहीत. नायट्रेटच्या फिती सहज पेट घेत, कित्येक चांदीसाठी वितळवल्या गेल्या. ‘आलम आरा’चीही प्रत नाही. ‘मिस फ्रंटियर मेल’ मात्र टिकला आहे. या प्रकाराची ओळख करून घेणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी.