परक्या मोजपट्टीवर आपले दात

नागपुरात आठ-नऊ वर्षांच्या मुलाचे दात वेडेवाकडे येताहेत म्हणून डॉक्टरांकडे नेलं, तर एक साधा हिशेब बऱ्याचदा होतो. खालच्या चार पटाशीच्या दातांची रुंदी मोजायची, बेरीज निम्मी करायची आणि तीत 10.5 मिलिमीटर मिळवायचे. खालच्या जबड्यात एका बाजूचा सुळा आणि दोन उपदाढा (सुळा आणि दाढा यांच्या मधले दात) अजून उगवायच्या आहेत, त्यांना किती जागा लागेल याचा हा अंदाज. वरच्या जबड्यासाठी 11 मिळवतात. हे सूत्र तनाका आणि जॉन्स्टन यांनी 1974 मध्ये मांडलं, अमेरिकेतल्या 506 जणांच्या दातांवरून. ते बहुतेक उत्तर युरोपीय वंशाचे होते.

भारतीय मुलांवर हेच सूत्र ताडून पाहिलं, तेव्हा अनेक अभ्यासांत ते गरजेपेक्षा जास्त जागा दाखवतं असं आढळलं. जागा कमी पडणार असं वाटलं की निरोगी दात काढायचा विचार सुरू होतो. म्हणून ही मापं कुठून आली हे आईवडिलांनाही माहीत असावं असं मला वाटतं.

दातांतले फरक टिपायची सुरुवात युरोपातली. व्हिएन्नाचे दंतवैद्य गेओर्ग काराबेली यांनी 1840 च्या दशकात वरच्या पहिल्या दाढेच्या आतल्या, म्हणजे टाळूकडच्या बाजूला काही जणांना असणारा जादा उंचवटा नोंदवला. तो आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. 1885 मध्ये लंडनचे शरीररचनातज्ज्ञ विल्यम फ्लॉवर यांनी दाढांच्या लांबीचं कवटीशी प्रमाण काढून माणसांचे ‘लहान दातांचे, मध्यम दातांचे, मोठ्या दातांचे’ असे वंश पाडले. ही वाट चुकीची होती. एकाच समाजातल्या दोन शेजाऱ्यांच्या दातांत जो फरक दिसतो, तो समाजासमाजांच्या सरासरीतल्या फरकापेक्षा पुष्कळदा मोठा असतो. 1890 मध्ये अमेरिकेत दंतवैद्य जी. व्ही. ब्लॅक यांनी प्रत्येक दाताच्या मापांचा तक्ता छापला आणि ‘सामान्य दात’ ही कल्पना दवाखान्यात रुजली.

माणसामाणसांतला फरक कोणत्या दातांत जास्त पडतो याचं उत्तर मात्र खरोखर सुंदर आहे. प्राणिशास्त्रज्ञ पर्सी बटलर यांनी 1939 मध्ये सस्तन प्राण्यांच्या दातांचे गट कसे घडतात याचा विचार मांडला आणि दंतवैद्य-मानवशास्त्रज्ञ अल्बर्ट डालबर्ग यांनी 1945 मध्ये तो माणसाला लावला. वरच्या जबड्यात पाहा: मधली पटाशी, पहिली उपदाढ, पहिली दाढ आपला आकार सहसा सोडत नाहीत, बाजूची पटाशी आणि अक्कलदाढ मात्र कधी बारीक खुंटीसारखी येते, कधी येतच नाही. हे पुष्कळदा घराण्यातून येतं. आईच्या काळजीमुळे वा आहारामुळे बाळाचा एखादा दात असा आला, हा दोष कुणी कुणाला देऊ नये.

नागपूरच्या मातीत तर या विषयाची आपलीच नोंद दडली आहे. शहराभोवती जुनापाणी, माहूरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा इथे लोहयुगातली शिळावर्तुळं, म्हणजे दफनांभोवती रचलेली दगडांची वर्तुळं आहेत. जुनापाणीच्या खोदकामाचा अहवाल ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नॅक यांनी 1879 मध्ये दिला. माहूरझरीला 1970 च्या दशकात पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांनी उत्खनन केलं. हाडं कुजली तरी दातावरचं एनॅमल, म्हणजे बाहेरचं कठीण आवरण, टिकतं, आणि एकदा दाताचा माथा घडला की तो वाढत नाही, फक्त झिजतो. म्हणूनच माहूरझरीच्या दातांवरून मानवशास्त्रज्ञ जॉन ल्यूकॅक्स यांना 1981 मध्ये तिथल्या माणसांच्या आहाराबद्दल आणि दंतरोगांबद्दल लिहिता आलं.

आज याच शहरात शासकीय दंत महाविद्यालय आहे, आणि भारतीय मानवविज्ञान सर्वेक्षणाचं विभागीय केंद्रही आहे. दात सरळ करण्याआधी बऱ्याचदा प्लास्टरचे साचे घेतले जातात. रुग्णाचं नाव झाकून त्या साच्यांवरची मापं एकत्र करून आपल्या मुलांसाठी आपली मोजपट्टी बनवता येईल, पण मुलांची आणि मुलींची मापं वेगळी ठेवावी लागतील. स्त्री-पुरुषांतला फरक सगळ्यांत ठळक दिसतो तो सुळ्यात, आणि न उगवलेल्या दातांचा अंदाज बांधताना नेमका तोच हिशेबात असतो.