जेम्स बाँड २००६ मध्ये हळवा झाला? छे!

२००६ मध्ये डॅनियल क्रेग बाँडच्या भूमिकेत आला आणि बाँड पहिल्यांदा माणूस झाला, हे दर वेळी फिरत असतं, पण तसं नाहीये. बाँडचा लेखक इयान फ्लेमिंगच्या १९५३ च्या पहिल्याच कादंबरीत मार खाऊन हॉस्पिटलात पडलेला बाँड म्हणतो, चांगले कोण वाईट कोण कळेनासं झालंय, नोकरी सोडतो. १९६९ च्या पिक्चरमध्ये तर लग्नाच्याच दिवशी बायकोला गोळी लागते, पोलीस येतो तर बाँड तिला कवटाळून सांगतो, काही नाही, ती विश्रांती घेतेय (हा बाँड म्हणजे नट जॉर्ज लेझनबी, ज्याला सगळे नावं ठेवतात). आणि १९६५ मध्ये बाँडच्याच एका निर्मात्याने, सॉल्ट्झमनने, दुसऱ्या एका पिक्चरमध्ये नट मायकल केनला चष्मा लावून ऑम्लेट करणारा साधा हेर केला होता. २००६ नंतर फरक इतकाच, की हळवेपणावरच तिकिटं खपायला लागली.