रुग्णालय म्हटलं की ‘हेल्थकेअर’ रेटिंगच? तसं नाही

रुग्णालयाच्या एखाद्या मजल्याचं नूतनीकरण निघालं की लीड या पर्यावरणपूरक इमारतींच्या प्रमाणपत्राबद्दल हमखास ऐकू येतं: ‘रुग्णालय आहे ना, मग लीडचं हेल्थकेअर रेटिंगच घ्यावं लागणार.’ हा समज चुकीचा आहे. रेटिंग दारावरच्या पाटीवरून नाही, कामाच्या व्याप्तीवरून ठरतं.

लीडच्या चौथ्या आवृत्तीत हेल्थकेअर हा प्रकार नव्या बांधकामासाठी किंवा मोठ्या नूतनीकरणासाठी आहे, तोही २४ तास आंतररुग्ण सेवा देणाऱ्या रुग्णालयांसाठी. मोठं म्हणजे बाह्य भिंती-खिडक्या, वातानुकूलन, अंतर्भाग अशी भरीव कामं. त्यात पाऱ्याचा वापर कमी करण्याची सक्तीची अटही येते. फक्त बाह्यरुग्ण विभागाचा अंतर्भाग नव्याने करायचा असेल, तर लीडचाच अंतर्भागाच्या कामांसाठीचा ‘कमर्शियल इंटिरिअर्स’ हा प्रकार बघा. एखादा प्रकार प्रकल्पाच्या ४० टक्क्यांहून कमी क्षेत्राला लागू पडत असेल तर तो सोडायचा, ६० टक्क्यांहून जास्त असेल तर घ्यायचा. मधल्या पट्ट्यात निर्णय प्रकल्प चमूचा.

माझ्या मते यापेक्षा मोठा प्रश्न शेजारच्या वॉर्डचा आहे. भिंत फोडली की धुळीबरोबर ॲस्परजिलस बुरशीचे बीजाणू उडतात, आणि प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णाच्या ते जिवावर बेतू शकतं. रेटिंग कोणतंही घ्या, हवाबंद आडोसा उभारून आतला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवल्याशिवाय पहिला घाव घालू नका.