इच्छा आणि संकल्प: फरक पळीभर पाण्याचा

१ जानेवारीला आपण ज्याला संकल्प म्हणतो, ती बहुतेकदा नुसती इच्छा असते. ‘यंदा गावी घर बांधायचंच’ हे आपण अगदी मनापासून म्हणतो आणि पुढच्या वर्षीही तेच म्हणतो. मग स्वतःला आळशी ठरवून मोकळे होतो. मला वाटतं, यात आळसापेक्षा या दोन शब्दांच्या गल्लतीचा दोष मोठा आहे.

संकल्प कसा असतो, हे दर गणेश चतुर्थीला आपल्या घरातच ऐकू येतं. आचमन झालं की गुरुजी भराभर काही म्हणतात आणि आपलं लक्ष मोदकांकडे असतं. नीट ऐकलं तर त्यात जागा येते, गोदावरीच्या कोणत्या तीरावर आपण बसलो आहोत ती. मग संवत्सर, महिना, पक्ष, तिथी, वार. मग करणाऱ्याचं गोत्र आणि नाव, मग हेतू. शेवटी येतं ‘करिष्ये’, म्हणजे मी करीन. आणि पळीभर पाणी हातावरून ताम्हणात सोडायचं.

इच्छेपाशी यातला फक्त हेतू असतो. कुठे, कधी, कोण आणि नेमकं काय करणार, हे सगळं कोरंच राहतं.

दादासाहेब फाळक्यांचं उदाहरण घ्या. १९१०-११ च्या सुमारास मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि आपले राम-कृष्णही असे पडद्यावर दिसावेत, असं त्यांना वाटलं. ही झाली इच्छा. त्या काळी ती आणखी कितीतरी प्रेक्षकांच्या मनात येऊन गेली असेल. फाळक्यांनी मात्र मिळतील ते चित्रपट पाहायला सुरुवात केली, तंत्राची पुस्तकं आणि साहित्याच्या किंमतयाद्या जमवल्या, रात्री जागवल्या. डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दिसेनासं झालं. दृष्टी परत आल्यावर विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये त्यांनी लंडन गाठलं आणि तिथे कॅमेरा विकत घेतला.

परतल्यावर भांडवल नव्हतं. चित्रपट काढण्यासाठी पैसे द्या, असं नुसतं सांगून कोण देणार? मग त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. रोज थोडं थोडं चित्रण करत महिनाभरात त्या रोपाची वाढ फिल्मवर उतरवली आणि ती दाखवून सावकार मिळवला. हा वाटाणा मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत मोलाचा वाटतो. अख्ख्या स्वप्नाचा एवढासा, पण डोळ्यांनी पाहता येईल असा तुकडा त्यांनी आधी करून दाखवला.

पाणी सोडणं म्हणजे काय, तेही इथे कळतं. मराठीत एखाद्या गोष्टीवर पाणी सोडणं म्हणजे तिच्यावरचा हक्क सोडणं. फाळक्यांच्या घरात पॉलिसी गेली, पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गेले. शिवाय फिल्मला छिद्रं पाडण्यापासून चित्रीकरणाच्या सगळ्या मंडळींच्या जेवणापर्यंतचं काम सरस्वतीबाईंनी अंगावर घेतलं. इच्छेसाठी असं काही सोडावं लागत नाही, म्हणून तर ती वर्षानुवर्षं जपता येते.

पण संकल्प म्हणजे सगळी जुळवाजुळव झाल्यावर करायची गोष्ट, असंही नाही. त्याच मंत्रात ‘यथाज्ञानेन यथामिलितोपचारद्रव्यैः’ असे शब्द आहेत: जेवढं ज्ञान आहे तेवढ्यावर, जे साहित्य मिळालं आहे त्यातच. चित्रपटातल्या हरिश्चंद्राच्या राणीच्या, तारामतीच्या भूमिकेला एकही बाई तयार होईना, तेव्हा उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना फाळक्यांनी लुगडं नेसवलं. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

आता गावच्या घराचं वाक्य पुन्हा म्हणून पाहू. ‘येत्या रविवारी सकाळी मी स्वतः त्या जागेचा सातबारा ऑनलाइन काढीन आणि तो कोणाच्या नावावर आहे ते पाहीन. दिवाळीच्या सहलीचे पैसे यंदा मोजणीसाठी बाजूला ठेवीन.’ यात घर कुठेच दिसत नाही, पण वार आहे, करणारा आहे, काम आहे आणि सोडलेलं पाणीही आहे. सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव निघालं, तर सोमवारी तलाठ्याकडे वारस नोंदीची चौकशी.