रबराचा आळस आणि गाडीची पकड

एप्रिल-मे उजाडला की समृद्धी महामार्गावर टायर फुटल्याच्या बातम्या येऊ लागतात आणि पाठोपाठ व्हॉट्सॲपवर तो ठरलेला निरोप फिरतो: सिमेंटचा रस्ता तापतो, साधी हवा फुगते, टायर फुटतो, म्हणून नायट्रोजन भरा. त्यातून गाडी दीडशे-दोनशे हॉर्सपॉवरची असेल तर हा सल्ला जरा जास्तच गंभीर चेहऱ्याने दिला जातो.

हिशेब करून बघू. सकाळी तीस अंशांना ३२ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड, हवेच्या दाबाचं माप) हवा भरली आणि पळून पळून आतली हवा ६५ अंशांवर गेली, तर दाब साधारण ३७ पीएसआय होतो. (शाळेतलाच वायूचा नियम. फक्त तापमान केल्व्हिनमध्ये घ्यायचं आणि गेजच्या आकड्यात वातावरणाचे १४.७ मिळवायचे.) नायट्रोजन भरला तरी ३७च. हा नियम वायूचं नाव विचारत नाही, आणि साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. धडधाकट टायर याच्या कित्येक पट दाब सोसतो. नायट्रोजन कोरडा असतो आणि किंचित सावकाश गळतो, एवढाच त्याचा गुण. फुकट मिळाला तर जरूर घ्या.

टायर फुटतो तो बहुतेक वेळा हवा कमी असल्यामुळे. ३३ च्या जागी २४ पीएसआय असेल तर रस्त्याला टेकताना टायरची बाजूची भिंत जास्त वाकते. ताशी १२० किलोमीटरला गाडीचं चाक सेकंदाला सोळा-सतरा फेरे घेतं, म्हणजे भिंतीचा प्रत्येक भाग तितक्या वेळा वाकतो आणि सरळ होतो. दर वेळी थोडी ऊर्जा उष्णता होऊन आतच राहते. तास-दीड तासात पोलादी तारांच्या पट्ट्याला धरून ठेवणारं रबर सैल पडू लागतं आणि थर सुटतो. म्हणजे रस्त्यापेक्षा टायर स्वतःच स्वतःला जास्त तापवतो.

ज्या दोषामुळे तो तापतो, त्याच दोषामुळे गाडी थांबते. टायर निवडताना हे एकच सूत्र नीट कळलं तर बाकीचं बरंचसं आपोआप जुळतं.

सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घ्या आणि मुलांचा उसळणारा चेंडू घ्या. चेंडू फरशीवर टाकला की जवळजवळ हातात परत येतो. ट्यूबचं ब्यूटाइल रबर गुंडाळी करून टाका, ते थबकन बसतं. दोन्ही रबरंच. पहिलं दिलेली ऊर्जा प्रामाणिकपणे परत करतं, दुसरं वाटेत खाऊन टाकतं. या खाण्याला हिस्टेरेसिस म्हणतात. आपण त्याला रबराचा आळस म्हणू: दाबलं की दबतं, पण सोडल्यावर मूळ आकाराला यायला वेळ लावतं.

आता डांबरी रस्ता भिंगातून बघा. खडीचे बारीक सुळके वर आलेले असतात. ब्रेक लावल्यावर टायरचं रबर त्या सुळक्यांवरून किंचित घसरतं. सुळक्याच्या पुढच्या अंगाला रबर दाबलं जातं आणि ते गाडीला मागे ढकलतं. मागच्या अंगाला ते मोकळं होतं. रबर तत्पर असतं तर मागच्या अंगालाही तितक्याच जोराने चिकटून पुढे ढकललं असतं आणि हिशेब शून्य झाला असता. पण ते आळशी आहे, वेळेवर पोहोचत नाही. पुढचा धक्का राहतो, मागचा येत नाही, आणि उरलेला फरक म्हणजे पकड. कोरड्या रस्त्यावर यात रेणूंच्या चिकटण्याची भर पडते. पाणी आलं की ते चिकटणं बरंचसं जातं आणि भार मुख्यतः या आळसावर येतो.

म्हणजे जास्त आळशी रबर घ्या, झालं? तसं नाही. तेच रबर सरळ रस्त्यावरही प्रत्येक फेऱ्याला ऊर्जा खाणार, टायर तापणार, पेट्रोल जाणार. इथे रसायनशास्त्रज्ञांच्या हाती एक सुरेख पळवाट लागली. फिरताना टायर वाकतो तो सेकंदाला दहा-पंधरा वेळा. खडीवरून घसरताना मात्र रबराला बसणारे धक्के सेकंदाला हजारो ते लाखो असतात: ताशी साडेतीन किलोमीटर, म्हणजे सेकंदाला एक मीटर इतकंच घसरणं धरलं, तर एक मिलिमीटर अंतरावरच्या सुळक्यांमुळे हजार धक्के, आणि शंभरपट बारीक खरबरीतपणामुळे लाख. रबराच्या लांब साखळ्यांना धक्का जितका जलद, तितकी हालचाल करायला सवड कमी. तापमान घटलं तरी नेमकं हेच होतं. म्हणून जलद धक्का खाणारं गरम रबर हळू धक्का खाणाऱ्या थंड रबरासारखं वागतं. १९५५ मध्ये विल्यम्स, लँडेल आणि फेरी यांनी या देवघेवीचं समीकरण मांडलं. त्याच आधारावर आजही प्रयोगशाळेत रबराचा छोटा तुकडा सेकंदाला दहाच वेळा हलवतात आणि टॅन डेल्टा मोजतात. खाल्लेली ऊर्जा आणि साठवलेली ऊर्जा यांचं ते गुणोत्तर. शून्य अंशाला ते जास्त आलं तर ओल्या रस्त्यावर पकड चांगली, साठ अंशांना कमी आलं तर टायर हलका फिरणारा. शून्य अंश हे पावसाचं तापमान नव्हे, जलद धक्क्यांचं सोंग आहे.

शून्याला आळशी आणि साठला तरतरीत, असं रबर काजळीने जमत नव्हतं. टायर काळा असतो तो कार्बन ब्लॅकमुळे. त्याचे कण रबरात एकमेकांना धरून जाळी करतात आणि प्रत्येक वाकण्यात ती तुटते-जुळते. त्या तुटण्यातच ऊर्जा जाते. काजळीच्या जागी सिलिका घातली, आणि तिला रबराशी रासायनिक दोऱ्याने शिवणारं सिलेन वापरलं, की कण रबराला बांधले जातात आणि आपसातली झटापट कमी होते. मिशेलिनने १९९२ मध्ये असा टायर बाजारात आणला. आज चांगल्या कारचा टायर सिलिकाशिवाय क्वचितच असतो.

यातूनच टायरांची कुळं कळतात. मिशेलिनचं उदाहरण घ्या. प्रायमसी हे आराम, कमी आवाज आणि जास्त आयुष्य यांसाठी, पायलट स्पोर्ट हे पकडीसाठी, आणि पायलट स्पोर्ट कप २ हे रेसिंग ट्रॅकच्या उंबरठ्यावरचं. बाकी कंपन्यांतही हीच उतरंड सापडते. कप २ सारखं रबर तापल्यावर खुलतं. सकाळी सातला सोसायटीबाहेर पडताना, किंवा ताम्हिणीत धो धो पावसात, ते थंड आणि ताठ असतं, शिवाय खाचाही कमी. रोजच्या गाडीला हे टायर लावणं म्हणजे लग्नाची शेरवानी घालून भाजी आणायला जाणं. दुसरं कूळ पुरे. ज्याला युरोपात समर टायर म्हणतात, तो आपल्याकडे बारमाही टायर. जर्मनीत नोकरीला गेलेल्यांना हिवाळी टायर लागतो, कारण साधारण सात अंशांखाली समर टायरचं रबर ताठरतं. कोल्हापूरला ती चिंता नाही.

टायरवर ट्रेडवेअरचा आकडा असेल तर तो पाहावा. २०० म्हणजे मऊ आणि लवकर झिजणारं, ३०० च्या आसपास स्पोर्ट, ५०० च्या पुढे टिकाऊ. पण हा आकडा कंपनी स्वतः देते, म्हणून एकाच कंपनीच्या दोन टायरांची तुलना करायलाच तो बरा.

रुंदीबद्दलचा गैरसमज मोठा आहे. दीड टनाची गाडी, प्रत्येक चाकावर ३७५ किलो, दाब ३२ पीएसआय. भागाकार केला की टेकलेला भाग येतो साधारण १६७ चौरस सेंटिमीटर, पोस्टकार्डापेक्षा थोडा मोठा. टायर रुंद केला आणि दाब तोच ठेवला तर हे क्षेत्रफळ फारसं वाढत नाही, ठसा आडवा आणि आखूड होतो. वळणावर त्याचा फायदा आहे, नाही असं नाही. शाळेतलं ‘घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून नसतं’ हे वाक्य रबर पाळत नाही, दाब वाढला की त्याचा घर्षणांक घटतो. पण पाण्यात आडवा ठसा तोट्याचा. २२५ मिलिमीटर रुंद टायरला ताशी ८० ला तीन मिलिमीटर पाण्यातून जाताना सेकंदाला १५ लिटर पाणी बाजूला सारावं लागतं, म्हणजे बादलीभर, तेही एका चाकाला. ते सारता आलं नाही की टायर पाण्यावर तरंगतो. नासाच्या लँग्ली केंद्रात वॉल्टर हॉर्न यांनी १९६० च्या दशकात विमानाच्या टायरांवरून काढलेला नियम सोपा आहे: पीएसआयचं वर्गमूळ गुणिले १६.६५, उत्तर म्हणजे टायर ज्या वेगाला तरंगू लागतो तो वेग, ताशी किलोमीटरमध्ये. ३२ ला येतात ९४, तर २० ला ७४. खाचा शिल्लक असतील तर तरंगणं आणखी उशिरा सुरू होतं. टायर तुळतुळीत असेल आणि पाणी पुरेसं असेल, तर हे गणित जवळजवळ जसंच्या तसं लागू पडतं.

नव्या गाडीच्या चारही चाकांखाली लिंबू ठेवून ती चिरडतो आपण. लिंबाने रबराचं काही बिघडत नाही. पण तेवढं वाकलोच आहोत तर खाचेची खोलीही बघावी. नवा टायर साधारण आठ मिलिमीटर, कायद्याची मर्यादा १.६. खाचेत आडवा उंचवटा असतो, रबर त्याच्या पातळीला आलं की टायर संपला. पावसाळी भागात मात्र तीन मिलिमीटरलाच बदलावा. मोजायला वेगळं यंत्र नको, व्हर्निअर कॅलिपरच्या शेपटीची पट्टी पुरते. आतल्या कडेलाही मोजा, अलाइनमेंट बिघडलं असेल तर झीज तिकडेच लपते.

माप बदलायचं असेल तर व्यास सांभाळा. २२५/४५ आर १७ म्हणजे २२५ रुंदी, भिंत तिच्या ४५ टक्के म्हणजे १०१ मिलिमीटर, रिम १७ इंच, एकूण व्यास ६३४. २२५/४० आर १८ चा व्यास ६३७, स्पीडोमीटरला फरक कळणार नाही. पण भिंत ९० वर आली. खड्ड्याच्या धारेवर टायर रिम आणि दगड यांच्यात चिमटला की भिंतीतले दोरे तुटतात आणि तिथे फुगा येतो. त्यावर पंक्चरवाल्याकडे इलाज नाही, टायर टाकूनच द्यावा लागतो. आपल्या रस्त्यांवर उलट जावं: ब्रेकचे कॅलिपर बसत असतील तर २०५/५५ आर १६, व्यास ६३२, भिंत ११३. दिसायला कमी रुबाबदार, पण जुलैत रिम सरळ राहते.

मापापुढचं ‘९४ वाय’ विसरू नका. आकडा म्हणजे एका टायरने पेलायचा भार: ९४ म्हणजे ६७० किलो, ९१ म्हणजे ६१५. अक्षर म्हणजे वेगाची मर्यादा: वाय म्हणजे ताशी ३०० किलोमीटर, व्ही म्हणजे २४०. समृद्धीवर मर्यादाच १२० असताना ३०० कशाला, हा प्रश्न रास्त आहे. पण हे अक्षर टायरची उष्णता सोसण्याची ताकदही सांगतं, म्हणून दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरपेक्षा खालचं अक्षर किंवा खालचा आकडा घेऊ नये. टायरच्या भिंतीवर ‘डॉट’ (DOT) अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचा, ती टायर बनल्याची तारीख: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. दुकानात दोन वर्षं पडलेला टायर घ्यायचा तर निदान भाव तरी तसा लावा.

दोनच नवे घेतले तर ते मागे बसवा, गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी असली तरी. पुढची चाकं तरंगली तर गाडी सरळ जाते आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावर सावरते. मागची तरंगली तर ती गिरकी घेते, तिथे सावरायला वेळच नसतो. चारही चाकं ओढणाऱ्या गाडीत मात्र खाचांच्या खोलीतला फरक दोन-तीन मिलिमीटरच्या आत हवा, नाहीतर व्यासातला फरक डिफरन्शियलला (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या दातेरी चाकांच्या जोडणीला) दिवसरात्र झेलावा लागतो.

नव्या टायरवर साच्यातून सुटायला लावलेला बुळबुळीत थर असतो. पहिले दोन-तीनशे किलोमीटर ब्रेक आणि वळणं सांभाळून. नट एअरगनने आवळून सोडू देऊ नका, टॉर्क रेंचने गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याला आवळून घ्या आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. हवा थंड टायरलाच मोजा, पंधरा दिवसांतून एकदा, स्टेपनीसकट. आणि उन्हात टोलनाक्यावर थांबून ३७ दिसले म्हणून पाच पीएसआय सोडू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी ते २७ होतात, आणि पुढच्या तासाभराच्या प्रवासात टायर स्वतःला तापवायला मोकळा.