‘गिव्ह अप’ची आठशे वर्षं

‘सरेंडर’ हा इंग्रजी शब्द फ्रेंच माणसाला ओळखीचा वाटतो. तो अडतो ‘गिव्ह अप’पाशी. ‘गिव्ह’ म्हणजे देणं, ‘अप’ म्हणजे वर, हे त्याला ठाऊक असतं. पण ‘वर देणं’ म्हणजे नेमकं काय? फ्रेंचमध्ये सिगारेट सोडायला ‘आरेते’, बसमधली जागा दुसऱ्याला द्यायला ‘सेदे’, पोलिसांच्या स्वाधीन व्हायला ‘स रांद्र’. कोडं सुटेना तर फ्रेंच पोर म्हणतं, ‘मी माझी जीभ मांजराला देतो.’ इंग्रज या सगळ्यांना एकच ‘गिव्ह अप’ लावून मोकळा होतो. (आपण तरी ‘सोडून दे’ म्हणताना कुणाला काय देतो?)

जुन्या इंग्रजीत अशा छटा बऱ्याचदा उपसर्गाने दाखवत. संस्कृतात ‘गच्छति’ला ‘आ’ लावला की जाणारा येऊ लागतो, तसंच काहीसं. पुढे ते उपसर्ग झिजले आणि ‘अप’, ‘आउट’, ‘ऑफ’ क्रियापदामागे येऊन बसले. इंग्लंडात येऊन वसलेल्या व्हायकिंगांच्या नॉर्स बोलीतही हीच रीत होती. तिचा हातभार लागला, असं बरेच अभ्यासक मानतात. पीटरबरोच्या मठातल्या बखरीत ११३७ सालाखाली एक नोंद आहे: स्टीफन राजाने सॉल्झबरीचा बिशप रॉजर आणि त्याच्या नातलगांना ऑक्सफर्डला पकडलं आणि ‘याफेन अप’ होईपर्यंत, म्हणजे किल्ले हवाली करेपर्यंत, कैदेत ठेवलं. आपलं ‘गिव्ह अप’ ते हेच.

गंमत अशी की तेव्हा इंग्लंडच्या दरबारात फ्रेंच चालायची. १०६६ साली फ्रान्समधून फ्रेंच बोलणारे नॉर्मन आले, त्यांच्यामागून ‘सरेंडर’, ‘अबॅन्डन’, ‘रिनाउन्स’ आले. ते कागदोपत्री रुळले, घराशेतात ‘गिव्ह अप’ राहिलं. म्हणून आजचा फ्रेंच विद्यार्थी घाबरून आपल्याच पूर्वजांचा शब्द उचलतो आणि ‘मी धूम्रपानाचा परित्याग केला आहे’ छापाचं इंग्रजी बोलतो. व्याकरणाची चूक नाही, पण चहाच्या टपरीवर कोण असं बोलतं?

हा घोळ इंग्रजी कोशकार सॅम्युअल जॉन्सनने ओळखला होता. १७५५च्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेत तो म्हणतो की परक्यांची सर्वात मोठी अडचण क्रियापद आणि ‘अप’, ‘आउट’सारख्या शब्दांच्या या जोड्यांतच आहे. त्या त्याने काळजीपूर्वक टिपल्याही. या जोड्यांचं ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव मात्र छापात रुळलं ते लेखक लोगन पिअर्सल स्मिथच्या १९२५च्या पुस्तकापासून. ते त्याला सुचवलं होतं ऑक्सफर्ड कोशाचा संपादक हेन्री ब्रॅडलीने.